संसाधन आरक्षण (आभासीकरण)

संसाधन आरक्षण म्हणजे एकाच भौतिक संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालत असताना त्या संगणकाच्या स्मृतीचा आणि प्रोसेसरचा ठरावीक भाग यजमान प्रणालीसाठी किंवा एखाद्या विशिष्ट आभासी यंत्रासाठी हमीपूर्वक राखून ठेवण्याची पद्धत होय. यात भौतिक संगणकाला यजमान, त्यावर चालणाऱ्या आभासी यंत्राला अतिथी आणि त्यांच्यात संसाधनांचे वाटप करणाऱ्या प्रणालीला हायपरव्हायजर असे म्हणतात.

आरक्षणाच्या उलट पद्धतीस अतिवाटप म्हणतात. अतिवाटपात सर्व अतिथींना कबूल केलेल्या संसाधनांची बेरीज प्रत्यक्ष उपलब्ध संसाधनांपेक्षा जास्त असते. सर्व अतिथींची मागणी एकाच वेळी शिगेला पोहोचत नाही, हे अतिवाटपाचे गृहीतक होय. कार्यालयीन कामात ते बहुधा खरे ठरते. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यासारख्या, तीन पाळ्यांत उत्पादन चालणाऱ्या ठिकाणी मात्र हे गृहीतक वारंवार मोडते. त्यामुळे तेथे आरक्षणाचा प्रश्न उत्पादनाच्या आणि मालपुरवठ्याच्या सातत्याशी जोडला जातो.

## संकल्पना

बहुतेक हायपरव्हायजरमध्ये वाटपाचे तीन नियम एकत्र वापरले जातात.

* आरक्षण – अतिथीला कोणत्याही परिस्थितीत मिळणारे किमान संसाधन.
* मर्यादा – यजमानावर संसाधन मोकळे असले तरी अतिथीला ओलांडता न येणारे कमाल प्रमाण.
* हिस्सा – टंचाईच्या वेळी उरलेले संसाधन कोणाला किती प्रमाणात द्यावे हे ठरवणारा सापेक्ष भार. संसाधन मुबलक असताना हिश्श्याचा काहीही परिणाम होत नाही.

स्मृती आणि प्रोसेसर यांच्या टंचाईचे परिणाम भिन्न असतात. प्रोसेसर कमी पडल्यास काम रांगेत थांबते आणि संथ होते. टंचाई सरली की ते पूर्ववत चालते. स्मृती कमी पडल्यास तिच्यातील मजकूर डिस्कवर हलवावा लागतो किंवा एखादी प्रक्रिया बंद करावी लागते. डिस्क स्मृतीपेक्षा कित्येक पटींनी संथ असल्याने पहिल्या उपायाने अतिथी जवळजवळ थिजतो, तर दुसऱ्या उपायाने तो पूर्णपणे बंद पडतो. म्हणून स्मृतीच्या आरक्षणास सामान्यतः अग्रक्रम दिला जातो.

## इतिहास

आभासी यंत्रांची कल्पना आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील वैज्ञानिक केंद्रात १९६४ मध्ये सुरू झालेल्या सीपी-४० या प्रकल्पातून आकारास आली. पुढे १९७२ मध्ये जाहीर झालेल्या व्हीएम/३७० या प्रणालीत आरक्षणाच्या बहुतेक मूलभूत सोयी उपलब्ध होत्या. एखाद्या आभासी यंत्रासाठी स्मृतीची ठरावीक पाने राखून ठेवणे, काही पाने जागेवर जखडून ठेवणे आणि निवडक यंत्राला प्रोसेसरचा ठरावीक टक्का देणे हे पर्याय तेव्हाच वापरात होते.

सामान्य सर्व्हर संगणकांवर हे तंत्र व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्स सर्व्हरमुळे २००१ पासून रुजले. या प्रणालीतील स्मृतिव्यवस्थापनाचे वर्णन करणारा कार्ल वाल्डस्पर्गर यांचा शोधनिबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिथीच्या आत ‘फुगा’ फुगवून त्याच्याकडील स्मृती परत घेण्याची युक्ती या निबंधामुळे प्रसिद्ध झाली. २००३ मध्ये झेन, २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेला केव्हीएम आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही हे पर्याय उपलब्ध झाले.

## यजमानाचा वाटा

यजमानालाही स्वतःच्या कामासाठी संसाधने लागतात. अतिथींची डिस्कवरील व जाळ्यावरील वाहतूक हाताळणे, प्रत्येक अतिथीच्या नोंदी सांभाळणे, प्रतिलिपी घेणे, देखरेख करणे आणि डिस्कसाठी तात्पुरता साठा ठेवणे ही कामे यजमानाच्या खात्यावर पडतात. अतिथींना वाटलेल्या स्मृतीची बेरीज करताना हा खर्च धरला नाही, तर कागदावर जुळणारा हिशेब प्रत्यक्षात तुटतो.

वेगवेगळ्या प्रणालींमध्ये यजमानाचा वाटा वेगवेगळ्या प्रकारे राखला जातो.

* ईएसएक्सआय आणि हायपर-व्ही या प्रणाली यजमानासाठी काही स्मृती आपोआप बाजूला ठेवतात. यजमानावर इतर सॉफ्टवेअर बसवल्यास त्याची गरज वेगळी धरावी लागते.
* झेनमध्ये व्यवस्थापन करणारे विशेषाधिकारी यंत्र वेगळे असते. त्याची स्मृती संगणक सुरू होतानाच निश्चित करून देण्याची शिफारस केली जाते.
* केव्हीएममध्ये प्रत्येक अतिथी हा यजमान लिनक्सच्या दृष्टीने एक साधी प्रक्रिया असतो. येथे यजमानाचा वाटा व्यवस्थापकाने स्वतः ठरवावा लागतो. ओपनस्टॅक या व्यवस्थापन प्रणालीत यजमानासाठी राखायच्या स्मृतीचे पूर्वनिर्धारित मूल्य ५१२ मेगाबाइट आहे. प्रत्यक्ष वापरात ते वाढवावे लागते.

केव्हीएमवर यजमानाची स्मृती संपल्यास लिनक्सचा गाभा एखादी प्रक्रिया बंद करून जागा मोकळी करतो. निवड करताना सर्वाधिक स्मृती वापरणारी प्रक्रिया प्रथम विचारात घेतली जाते. अशी प्रक्रिया बहुधा सर्वांत मोठा अतिथी, म्हणजे अनेकदा मुख्य माहितीसाठा चालवणारे यंत्र असते. अतिथीच्या आतील नोंदवहीत या घटनेचे कारण आढळत नाही. अचानक वीज गेल्यासारखी नोंद तुटलेली दिसते. खरे कारण यजमानाच्या नोंदवहीत असते. त्यामुळे अशा बिघाडाचा शोध चुकीच्या ठिकाणी घेतला जाण्याची शक्यता असते.

डिस्कसाठीचा साठाही लक्षात घ्यावा लागतो. केव्हीएमवर आधारित प्रॉक्समॉक्स या प्रणालीत झेडएफएस ही साठवण पद्धत निवडल्यास तिचा वाचन-साठा पूर्वी यजमानाच्या निम्म्या स्मृतीपर्यंत वाढू शकत असे. आवृत्ती ८.१ पासून नव्या मांडणीत ही मर्यादा एकूण स्मृतीच्या १० टक्के आणि कमाल १६ गिबीबाइट अशी करण्यात आली. जुन्या मांडणीत ही मर्यादा हाताने घालावी लागते.

## स्मृतीचे आरक्षण

स्मृतीची टंचाई झाल्यास हायपरव्हायजर क्रमाक्रमाने कठोर उपाय योजतो. प्रथम समान मजकुराची पाने एकत्र केली जातात. त्यानंतर फुग्याच्या साहाय्याने अतिथीकडून न वापरलेली पाने परत घेतली जातात. पुढे पानांचे संपीडन होते आणि शेवटी पाने डिस्कवर हलवली जातात. आरक्षित स्मृतीला यांपैकी कोणताही सक्तीचा उपाय लागू होत नाही.

समान पाने एकत्र करण्यातून होणारी बचत आता गृहीत धरता येत नाही. एका अतिथीला दुसऱ्याच्या मजकुराचा सुगावा लागू शकतो, हे संशोधनातून दिसून आल्यानंतर व्हीएमवेअरने २०१४ च्या अखेरीपासून वेगवेगळ्या अतिथींमधील पानांचे एकत्रीकरण मूळ मांडणीत बंद ठेवले. आधुनिक संगणकांवर २ मेगाबाइटची मोठी पाने वापरली जातात आणि त्यांत समान मजकूर सापडण्याची शक्यताही कमी असते.

ईएसएक्सआयवर अतिथी सुरू करताना त्याच्या एकूण स्मृतीतून आरक्षित स्मृती वजा करून उरेल तेवढ्या आकाराची अदलाबदल-फाइल डिस्कवर तयार होते. ४० गिगाबाइट स्मृतीच्या अतिथीसाठी १६ गिगाबाइट आरक्षित असल्यास २४ गिगाबाइटची फाइल लागते. पूर्ण आरक्षणात या फाइलची गरज उरत नाही. अतिथीला एखादे भौतिक उपकरण थेट जोडून दिल्यास त्याची संपूर्ण स्मृती आरक्षित करणे आवश्यक असते.

आरक्षित स्मृती अतिथीने एकदा वापरली की ती नंतर रिकामी असली तरी इतरांना परत मिळत नाही. हा स्मृती आणि प्रोसेसर यांच्या आरक्षणातील महत्त्वाचा फरक आहे.

## प्रोसेसरचे आरक्षण

प्रोसेसरचे आरक्षण ईएसएक्सआयमध्ये मेगाहर्ट्‌झमध्ये, तर हायपर-व्हीमध्ये टक्केवारीत मोजले जाते. आरक्षित पण न वापरलेला प्रोसेसरचा वेळ इतर अतिथींना वापरता येतो आणि मूळ हक्कदाराची मागणी येताच तो परत दिला जातो. लिनक्स यजमानावर नियंत्रण-गटांच्या साहाय्याने हिस्से व मर्यादा ठरवता येतात. याशिवाय ठरावीक कोअर यजमानासाठी वेगळे काढणे आणि अतिथीचे आभासी प्रोसेसर निवडक कोअरवर जखडणे हे उपाय उपलब्ध आहेत.

टंचाई ओळखण्यासाठी प्रतीक्षाकाळ मोजला जातो. काम तयार असूनही कोअर न मिळाल्याने अतिथीला थांबावे लागलेला वेळ ईएसएक्सआयमध्ये ‘रेडी’ या मापाने, तर लिनक्स अतिथीच्या आत ‘स्टील’ या मापाने दिसतो. अतिथीतील प्रोसेसरचा वापर कमी दिसत असतानाही हे माप वाढलेले असू शकते. अशा वेळी अतिथीला आणखी आभासी प्रोसेसर दिल्यास स्थिती बहुधा बिघडते, कारण जास्त प्रोसेसर असलेल्या यंत्राला एकाच सुमारास जास्त कोअर मोकळे मिळावे लागतात.

दोन प्रोसेसर असलेल्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरला जवळची स्मृती वेगळी असते. अतिथी एका प्रोसेसरवर आणि त्याची स्मृती दुसऱ्याजवळ पडल्यास प्रत्येक वाचनाला विलंब होतो. म्हणून मोठ्या अतिथीची स्मृती व आभासी प्रोसेसर एकाच बाजूस मावतील असा आकार ठरवला जातो.

## पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील संदर्भ

### औद्योगिक पार्श्वभूमी

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या १९६२ मधील स्थापनेनंतर पिंपरी, चिंचवड, भोसरी व आकुर्डी परिसरात अभियांत्रिकी उद्योग वाढले. टाटा मोटर्स व बजाज ऑटो या कंपन्यांभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे तयार झाले. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे चाकण येथील कारखाने २००९ मध्ये सुरू झाले. महिंद्र समूहाचा कारखानाही त्यानंतर तेथे आला.

वाहन कारखाने सुट्या भागांचा मोठा साठा न ठेवता ते गरजेच्या वेळी मागवतात. त्यामुळे भोसरी किंवा तळवडे येथील छोट्या पुरवठादाराची गाडी काही तास अडकली, तरी चाकण येथील जुळणी ओळीवर परिणाम होऊ शकतो. अशा पुरवठादाराचे लेखा, साठा, उत्पादन-नोंद व बीजक यांचे काम एकाच सर्व्हरवरील चार-पाच आभासी यंत्रांवर चालत असल्यास त्या सर्व्हरची संसाधने हा पुरवठा साखळीतील एक दुवा ठरतो.

### पाळ्या आणि मागणीची वेळ

कार्यालयात सायंकाळनंतर संगणकांवरील भार उतरतो आणि प्रतिलिपी घेणे, विषाणू-तपासणी, अहवाल तयार करणे ही कामे रात्री उरकता येतात. तीन पाळ्यांच्या कारखान्यात रात्री तिसरी पाळी चालू असते. उत्पादन-नोंद घेणारे यंत्र तेव्हाही व्यस्त असते आणि त्याच वेळी यजमानावर प्रतिलिपीचे काम सुरू झाल्यास दोघांची मागणी एकमेकांवर आदळते. पाळी बदलताना ही टंचाई आणखी तीव्र होते. संपणाऱ्या पाळीचे उत्पादन नोंदवणे, नव्या पाळीची हजेरी आणि मालाच्या गाड्यांची कागदपत्रे ही कामे थोड्या मिनिटांत एकवटतात.

पिंपरी-चिंचवड व भोसरी परिसरातील औद्योगिक वसाहतींत साप्ताहिक सुट्टी पारंपरिकरीत्या गुरुवारी असते. यजमान बंद करून करावयाची कामे, स्मृती वाढवणे आणि आरक्षणाची फेरमांडणी यांसाठी हा दिवस सोयीचा ठरतो. रविवारच्या सुट्टीनुसार आखलेले तयार वेळापत्रक येथे तसेच वापरल्यास ती कामे ऐन उत्पादनाच्या दिवशी येतात.

### बीजक यंत्राचे महत्त्व

वस्तू व सेवा कर कायद्यांतर्गत ई-बीजकाची सक्ती १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांवरील उलाढालीच्या व्यवसायांना लागू झाली. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने कमी होत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांवर आली. त्यामुळे या पट्ट्यातील अनेक मध्यम व लहान पुरवठादार तिच्या कक्षेत आले. ज्यांना ही सक्ती लागू आहे त्यांचे बीजक नोंदणी क्रमांक मिळाल्याशिवाय वैध मानले जात नाही. परिणामी बीजक तयार करणारे आभासी यंत्र स्मृतीअभावी थिजल्यास तयार माल दारात असूनही गाडी सुटू शकत नाही. स्मृतीचा आकार लहान असला तरी अशा यंत्राला पूर्ण आरक्षण देणे योग्य ठरते. येथे यंत्राचा आकार दुय्यम असतो; ते थांबल्यास काय थांबते यावर आरक्षणाचा क्रम ठरतो.

### नमुना हिशेब

प्रत्येकी ८ कोअरचे दोन प्रोसेसर आणि १२८ गिगाबाइट स्मृती असलेल्या एका काल्पनिक सर्व्हरची मांडणी पुढीलप्रमाणे करता येते. प्रत्येक प्रोसेसरजवळ ६४ गिगाबाइट स्मृती आहे.

* माहितीसाठा – ४० गिगाबाइट, ६ आभासी प्रोसेसर, पूर्ण आरक्षण
* बीजक व लेखा – १६ गिगाबाइट, ४ आभासी प्रोसेसर, पूर्ण आरक्षण
* उत्पादन-नोंद – १६ गिगाबाइट, ४ आभासी प्रोसेसर, पूर्ण आरक्षण
* फाइलसाठा – १६ गिगाबाइट, २ आभासी प्रोसेसर, आरक्षण नाही
* प्रवेश-नियंत्रण – ८ गिगाबाइट, २ आभासी प्रोसेसर, आरक्षण नाही
* यजमान – १२ गिगाबाइट, २ कोअर

अतिथींची एकूण स्मृती ९६ गिगाबाइट होते. यजमानासह ती १०८ गिगाबाइट भरते आणि २० गिगाबाइट मोकळी राहते. माहितीसाठा व प्रवेश-नियंत्रण एका प्रोसेसरकडे आणि उरलेली तीन यंत्रे दुसऱ्याकडे ठेवल्यास दोन्ही बाजूंस ४८ गिगाबाइटचा समान भार पडतो. यजमानाचे २ कोअर वजा जाता १४ कोअरवर १८ आभासी प्रोसेसर येतात. प्रोसेसरचे हे सौम्य अतिवाटप सहसा चालून जाते.

याच सर्व्हरवर नंतर आरेखन विभागासाठी २४ गिगाबाइटचे सहावे यंत्र जोडल्यास अतिथींची बेरीज १२० गिगाबाइट होते. ती १२८ मध्ये बसते असे वाटते, परंतु यजमानाकडे १२ ऐवजी ८ गिगाबाइटच उरतात. दिवसा हे लक्षात येत नाही. रात्री प्रतिलिपीचे काम सुरू झाल्यावर यजमानाची गरज वाढते आणि टंचाई तिसऱ्या पाळीत प्रकट होते. यंत्र जोडणे आणि बिघाड उघड होणे यांत काही दिवस किंवा आठवडे गेल्यास दोहोंचा संबंध चटकन ध्यानात येत नाही.

### वीजपुरवठा व पुनःप्रारंभ

वीज गेल्यानंतर यजमान पुन्हा सुरू होतो तेव्हा सर्व अतिथी एकदम उठण्याचा प्रयत्न करतात. विंडोजसारखी प्रणाली सुरू होताना आपल्या वाट्याच्या सर्व स्मृतीला स्पर्श करते आणि त्या क्षणी फुग्याचे साधन अजून कार्यरत नसते. त्यामुळे एरवी निभावून जाणारे अतिवाटप याच वेळी उघडे पडते. हायपर-व्हीमध्ये प्रारंभीची व किमान स्मृती वेगवेगळी ठरवता येते. पुनःप्रारंभाच्या वेळी स्मृती अपुरी पडल्यास डिस्कचा तात्पुरता आधार घेण्याची सोय विंडोज सर्व्हर २०१२ पासून आहे. अतिथी सुरू होण्याचा क्रम आणि दोन अतिथींमधील अंतर निश्चित करणे हा सर्व प्रणालींवर लागू पडणारा उपाय आहे. त्यात प्रवेश-नियंत्रण प्रथम, त्यानंतर माहितीसाठा आणि शेवटी त्यावर अवलंबून असलेली यंत्रे असा क्रम ठेवला जातो.

## खर्च व मर्यादा

आरक्षण विनामूल्य नसते. राखून ठेवलेली स्मृती बहुतांश वेळ रिकामी असली तरी तिची किंमत मोजलेली असते. विंडोज सर्व्हरचा परवाना २०१६ च्या आवृत्तीपासून कोअरनुसार, प्रत्येक सर्व्हरमागे किमान १६ कोअर धरून घ्यावा लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवण्यात आली आणि कोअरनुसार वर्गणीची पद्धत आली. त्यामुळे यजमानासाठी बाजूला काढलेल्या कोअरचाही खर्च लघुउद्योगाच्या हिशेबात स्पष्टपणे दिसू लागला.

अवाजवी आरक्षणाचे तोटेही आहेत. हमी पूर्ण करता येत नसल्यास हायपरव्हायजर नवा अतिथी सुरूच करत नाही. दोन सर्व्हरच्या जोडीत एक बंद पडल्यास त्याचे अतिथी दुसऱ्यावर उठावे लागतात. प्रत्येक सर्व्हरवर पूर्ण क्षमतेइतके आरक्षण केलेले असल्यास हे स्थलांतर अयशस्वी होते. म्हणून दोन सर्व्हरच्या मांडणीत सर्व अतिथी एकाच सर्व्हरवर मावतील इतकीच एकूण मागणी ठेवावी लागते. म्हणजेच एरवी निम्मी क्षमता रिकामी दिसते. एका सर्व्हरवर कितीही काटेकोर आरक्षण केले तरी त्या सर्व्हरच्या बिघाडापासून संरक्षण मिळत नाही.

मिलिसेकंदांच्या अचूकतेने चालणारे यंत्रनियंत्रण सामान्यतः वेगळ्या नियंत्रक उपकरणांवर ठेवले जाते. आरक्षणामुळे आभासी यंत्राचा प्रतिसाद स्थिर होतो, तथापि तो अशा उपकरणाची जागा आपोआप घेत नाही.

## मेघसंगणन

मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेचा मध्य भारत विभाग २०१५ मध्ये पुणे येथे सुरू झाला. अशा सेवांत यजमानाचा वाटा पुरवठादार कंपनी सांभाळते आणि ग्राहकाला केवळ अतिथी दिसतो. ग्राहकापुढील निवड मात्र त्याच स्वरूपाची असते. स्वस्त प्रकारच्या यंत्रांत प्रोसेसरचा वेळ साठवलेल्या गुणांवर मिळतो आणि गुण संपल्यावर वेग उतरतो. सततच्या भारासाठी निश्चित क्षमतेची किंवा संपूर्ण स्वतंत्र यजमानाची यंत्रे अधिक दराने उपलब्ध असतात. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कामाला गुण साठवण्यास फारशी उसंत मिळत नसल्याने पहिला प्रकार अशा कामास सहसा अनुरूप ठरत नाही.

ॲमेझॉनने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या नायट्रो रचनेत जाळे व साठवण हाताळण्याची यजमानाची कामे स्वतंत्र कार्डांवर सोपवण्यात आली. त्यामुळे सर्व्हरची जवळजवळ संपूर्ण स्मृती व प्रोसेसर अतिथींना देता येतात. यजमानाचा वाटा येथेही नाहीसा होत नाही. त्यासाठी वेगळे यंत्रसाहित्य पुरवलेले असते.

## हे सुद्धा पहा

* आभासीकरण
* हायपरव्हायजर
* मेघसंगणन
* महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ
* पिंपरी-चिंचवड
* चाकण